तोफ, संगीन आणि घोडा: पानिपतावर तिघांची सांगड का बसली नाही

प्रश्न असा आहे: 1761 च्या पानिपतावर मराठ्यांकडे नावाजलेलं घोडदळ होतं, इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्या आणि तोफा तर अब्दालीच्या दुपटीहून जास्त होत्या. मग तिन्ही दलांचा मेळ का बसला नाही? आणि जुन्या लढायांत असा मेळ बसवत तरी कसा?

गाभा आधी सांगतो. वेगवेगळी दलं एका मैदानात शेजारी शेजारी उभी केली म्हणून मेळ बसत नाही. एका दलाने शत्रूला अशा स्थितीत ढकलायचं असतं की त्या स्थितीत तो दुसऱ्या दलापुढे उघडा पडेल. आणि तो उघडा पडतो त्या घटकेला ते दुसरं दल तिथे हजर असावं लागतं. पाव तास उशीर झाला तर शत्रू सावरतो, पाव तास लवकर गेलं तर आपलंच दल कापलं जातं. पानिपतावर तिन्ही दलं जिवाच्या कराराने लढली, पण प्रत्येक दल आपापली लढाई लढलं.

हे समजायला प्रत्येक दलाची ताकद बघण्यापेक्षा त्याला काय जमत नाही ते बघावं. पायदळ दाटीवाटीने उभं राहिलं, संगिनी बाहेर काढून चौकोन केला, की घोडा त्यात शिरत नाही. स्वाराने कितीही टाच मारली तरी टोकदार लोखंडाच्या भिंतीवर घोडा अंग टाकत नाही, बाजूला वळतो. पण तोफेला हीच दाटी हवी असते. भरीव गोळा एका रांगेत एक माणूस पाडून थांबत नाही, मागची रांग फोडत जातो. तोफेपासून वाचायला पायदळ पांगलं, की घोडदळाचं फावतं. म्हणजे घोडदळाची नुसती धमकी आणि तोफांचा मारा एकाच वेळी असेल तर समोरच्या पायदळाला बरा पर्यायच उरत नाही. ही कात्री जुळवणं हेच सेनापतीचं काम.

आता वेगाचा हिशेब. अठराव्या शतकातलं कवायती पायदळ रांग न मोडता मिनिटाला साधारण 70 मीटर चालतं. 600 मीटरचं मैदान ओलांडायला त्याला साडेआठ मिनिटं लागतात. सहा पौंडी हलकी तोफ सरावलेल्या गोलंदाजांच्या, म्हणजे तोफ चालवणाऱ्यांच्या, हाती मिनिटाला दोन गोळे टाकते. म्हणजे एका तोफेचे सतरा गोळे त्या पायदळाला सोसावे लागतात आणि शेवटच्या 300 मीटरमध्ये गोळ्याऐवजी छर्रा, म्हणजे विखुरणाऱ्या लहान गोळ्यांचा बार, येतो. तेच अंतर घोडदळ आधी दुडकी आणि मग भरधाव असं दोन-अडीच मिनिटांत कापतं, त्याच्या वाट्याला चार-पाच गोळे. बंदुकीचा नेम 100 मीटरच्या आतच भरवशाचा. भरधाव घोडा ते 100 मीटर पंधरा सेकंदांत संपवतो आणि बंदूक पुन्हा भरायला वीस ते तीस सेकंद लागतात. याचा अर्थ पायदळाला घोडदळावर एकच धड बार मिळतो. तो घाईत, 200 मीटरवरून उडवला तर पुढे नुसत्या संगिनी. म्हणून बार कधी काढायचा हे ठरवणारा अंमलदार बंदुकांच्या संख्येपेक्षा मोलाचा असतो.

दुसरी अडचण तोफेची. त्या काळातली मैदानी तोफ नजरेच्या रेषेत सरळ मारा करते. आपलीच माणसं तोंडासमोर आली की ती मुकी होते. सपाट मैदानात पायदळाच्या मागे तोफा लावणं म्हणजे पहिल्या हल्ल्यानंतर त्या फुकट घालवणं. त्यांच्या जागा मोजक्याच: दोन पलटणींच्या मधल्या फटीत, फळीच्या टोकाला तिरप्या म्हणजे शत्रूच्या रांगेवर लांबीच्या दिशेने मारा होईल अशा, किंवा मागे खरा उंचवटा असेल तर त्यावर. यातली तिरपी जागा सर्वांत घातक, कारण गोळा तीन माणसांच्या खोलीतून न जाता शंभर माणसांच्या लांबीतून जातो. पण ती जागा उघडी असते, तिथे तोफेजवळ पायदळाचा पहारा नसेल तर घोडदळ येऊन गोलंदाज कापून जातं.

तिसरी गोष्ट घोड्याच्या दमाची. भरधाव हल्ला करून आलेलं घोडदळ विस्कळीत असतं, घोडे फेसाळलेले असतात. चांगला चारा खाल्लेला घोडा दिवसातून एक, फार तर दोन खरे हल्ले देतो. म्हणून घोडदळाचा एक भाग शेवटपर्यंत न वापरता ठेवायचा असतो. राखीव नसलेला सेनापती दुपारनंतर लढाई चालवत नाही, फक्त बघत राहतो.

ही कात्री तोफेच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. इसवी सनापूर्वी 53 मध्ये कार्हे इथे पार्थियन सेनानी सुरेनाकडे 1,000 चिलखती भालेस्वार आणि सुमारे 9,000 तिरंदाज स्वार होते. रोमनांनी ढाली जुळवून दाटी केली की बाणांचा वर्षाव, आणि बाण टाळायला रांग सैल केली की भालेस्वार अंगावर. बाण संपतील आणि मग पाळी आपली, असा रोमनांचा हिशेब होता. सुरेनाने मागे उंटांवर बाणांचे भारे तयार ठेवले होते, भाते रिकामे झाले की स्वार तिथून भरून परत येत. सगळा डाव त्या उंटांवर चालला होता.

स्कॉटलंडमधली एक जोडी तर शेजारी ठेवूनच वाचावी. 1298 मध्ये फॉल्कर्कला स्कॉट सेनापती वॉलेसचे भालाईत गोलाकार दाटीत उभे होते. इंग्रज सरदारांच्या घोडदळाने त्यांच्यावर धडका दिल्या, काही चाललं नाही. मात्र त्याच घोडदळाने स्कॉट स्वारांना पळवलं आणि गोलांच्या मधले तिरंदाज कापून काढले. मग इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने घोडदळ थांबवलं, धनुर्धारी पुढे आणले, गोलांना भगदाडं पडेपर्यंत मारा केला आणि त्या भगदाडांत पुन्हा घोडे घातले. क्रम बघा: आधी शत्रूचं संरक्षक दल हटवलं, मग दुरून मारा, मग धडक. सोळा वर्षांनी, 1314 मध्ये, बॅनकबर्नला तेच इंग्रज धनुर्धारी बगलेवर एकटे सुटले. स्कॉट सरदार रॉबर्ट कीथच्या पाचएकशे हलक्या स्वारांनी त्यांना उधळून लावलं आणि पुढे स्कॉट भालाइतांना रोखणारं कुणी उरलं नाही. शस्त्र तेच होतं, पण या वेळी त्याच्याजवळ राखणीला कुणी उभं नव्हतं.

आता पानिपताकडे येऊ, पण आधी 1526 च्या. मेळ कसा बांधावा याचा इतका स्वच्छ नमुना हिंदुस्थानच्या इतिहासात दुसरा नाही, आणि तो बाबराने स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच्या अंदाजाने इब्राहिम लोदीकडे लाखभर फौज आणि हजाराच्या आसपास हत्ती, स्वतःकडे बारा हजार माणसं. त्याने सातशे गाडे जमवले, कातडी दोरांनी एकमेकांना बांधले, दोन गाड्यांच्या मध्ये पाच-सहा आडोसे उभे केले आणि त्यांच्यामागे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुका ठेवल्या. या तयारीला पाच-सहा दिवस लागले. उजवी बगल पानिपत गावाच्या घरांना टेकवली, डावीकडे खंदक खणून झाडांच्या फांद्या रचल्या. म्हणजे बगलेवरून वळसा घालून येणं लोदीला अवघड.

इथवर हे फक्त बचावाचं काम झालं. खरी अक्कल फटींत आहे. बाणाच्या टप्प्याएवढ्या अंतराअंतरावर त्याने शंभर-दीडशे स्वार एकदम बाहेर पडतील अशा वाटा मोकळ्या ठेवल्या. गाड्यांची ओळ सलग बांधली असती तर तो किल्ला झाला असता. किल्ला टिकतो, पण मैदान मारून देत नाही. शिवाय दोन्ही टोकांना तिरंदाज स्वारांच्या तुकड्या होत्या. लढाई पेटली की शत्रूच्या बाहेरून वळसा घालून पाठीवर जायचं, एवढंच त्यांचं काम. 21 एप्रिलच्या सकाळी लोदीची फौज वेगात आली. समोरची ओळ आणि अरुंद जागा पाहून तिची आघाडी अडखळली, आणि मागची गर्दी मात्र दाबत राहिली. नेमक्या या घटकेला वळसा घालणाऱ्या तुकड्या मागून बाण सोडू लागल्या, समोरून उस्ताद अली कुलीच्या आणि मध्याच्या डावीकडून मुस्तफाच्या तोफा सुरू झाल्या. पुढे जाता येईना, मागे हटता येईना, पांगायला जागा नाही. तेव्हाच्या तोफांचा वेग फार कमी होता, एवढ्याशा गोळ्यांनी इतकी मोठी फौज मरत नसते. पण तोफेला हवी असते ती दाटी स्वारांनी तयार करून दिली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं आणि लोदी रणातच पडला.

आता त्याच मैदानावर 14 जानेवारी 1761. अब्दालीचा साथीदार असलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या आणि लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या काशीराज पंडिताचे आकडे घेतले तर मराठ्यांकडे सुमारे 55,000 घोडदळ, 15,000 पायदळ आणि 200 तोफा, शिवाय पेंढारी. अब्दाली आणि त्याच्या साथीदारांकडे 42,000 घोडदळ, 38,000 पायदळ आणि सत्तर-ऐंशी तोफा. मात्र त्याच्याकडे सुमारे दोन हजार उंट होते, जंबुरे म्हणजे पाठीवरच्या हलक्या तोफा वाहणारे. हा आकडा बाजूला ठेवू, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

पहिला घोटाळा रचनेत आहे. भाऊसाहेबांनी स्वीकारलेली रचना गोलाची, म्हणजे बुणगे (फौजेबरोबरचे न लढणारे लोक), बायकामुलं, सामान मध्ये घेऊन, भोवती लढाऊ फौज ठेवून वेढ्यातून बाहेर पडायची. उपासमारीमुळे छावणीत राहणं अशक्य झालं होतं, तेव्हा निघणं भागच होतं. पण हा सरकण्याचा क्रम आहे, हल्ल्याचा नव्हे. गोल त्यातल्या सर्वांत सावकाश माणसाच्या वेगाने सरकतो. त्यात घोडदळ घातलं की त्याचा वेग, जो त्याचा एकमेव खरा दागिना, तो पहिल्या पावलालाच काढून घेतला जातो. घोडदळाने गोलाची एक बाजू धरून उभं राहायचं हे काम पायदळाचं आहे. त्यात कित्येक आठवड्यांच्या चाराटंचाईने घोडे खंगलेले. दोन हल्ले देणारा घोडा आता एकच देणार होता.

डावीकडे इब्राहिमखान. हा फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला माणूस, आणि त्या दिवशी त्याने केलेली मांडणी अतिशय विचारपूर्वक आहे. समोर अब्दालीच्या बाजूचे दुंदेखान आणि हाफिज रहमतखान यांचे रोहिले पठाण. त्याच्या अगदी बाहेरच्या बाजूला अब्दालीचे सरदार बरखुरदारखान आणि अमीर बेग, म्हणजे तो पुढे सरकला की त्याच्या डाव्या कुशीत घुसायला मोकळे. काशीराजच्या वर्णनाप्रमाणे खानाने नऊ पलटणींपैकी दोन काटकोनात वळवून त्या बाजूला तोंड करून उभ्या केल्या आणि उरलेल्या सात घेऊन संगिनींनी रोहिल्यांवर गेला. मला या दोन पलटणी फार बोलक्या वाटतात. चालून जाणाऱ्या पायदळाची बाहेरची कूस झाकणं हे घोडदळाचं काम. ते होईल याचा खानाला भरवसा नव्हता, म्हणून त्याने आपल्या ताकदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा राखणीला खर्च केला. त्या सात पलटणींनी रोहिल्यांची फळी अक्षरशः फोडली. काशीराज आठ हजारांच्या आसपास रोहिले मेले वा जखमी झाल्याचं सांगतो, आणि सहा पलटणी जवळजवळ संपल्याचंही.

भगदाड पडलं, आणि ठरल्या वेळी त्यात घुसायला ताजं, जुळलेलं घोडदळ हवं होतं. जवळ होते दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर. काशीराज दमाजीच्या शौर्याची आणि जखमांची नोंद करतो, तेव्हा धैर्याबद्दल प्रश्नच नाही. पण मराठी साधनांवरून केली जाणारी मांडणी अशी की रोहिले ढासळताना दिसताच हे स्वार गारद्यांच्या पुढे झेपावले. तसं झालं की दोन गोष्टी एकदम घडतात: मागच्या बंदुका आणि तोफा मुक्या होतात, कारण समोर आपलेच घोडे; आणि अजून न मोडलेल्या रोहिला बंदूकवाल्यांना जवळून भलं मोठं निशाण मिळतं. मार खाऊन परतणारं घोडदळ मग आपल्याच पायदळात घुसतं. स्वारांनी बाहेरच्या टोकावरून, पायदळाच्या माऱ्याची रेषा न कापता वळसा घालून जायचं असतं, आणि शत्रूची फळी पाठमोरी झाल्यावर जायचं असतं. ही कवायत अंगात मुरायला महिने लागतात. गारदी आणि हे सरदार यांनी ती एकत्र कधी केलेली नव्हती.

तोफांचं काय झालं? मोठ्या तोफा बैलांनी ओढायच्या, एकदा लावल्या की दिवसभर तिथेच. काशीराज स्पष्ट लिहितो की मराठ्यांच्या तोफा इतक्या जड होत्या आणि त्यांचं तोंड वरखाली करणं इतकं अवघड होतं की दोन्ही फौजा जवळ आल्यावर गोळे अफगाणांच्या डोक्यावरून जाऊन मैलभर मागे पडू लागले. दोनशे हा आकडा म्हणून फसवा आहे. पलटणींच्या फटींतून माणसांनी ढकलत पुढे नेता येतील अशा तीस हलक्या तोफा त्या दिवशी दीडशे अवजड तोफांपेक्षा कामाच्या ठरल्या असत्या. उलट बाजूला जंबुरे उंटासोबत चालतात. उंट बसवला, बार काढला, उंट उठला, पुढे गेला. गोळा छोटा, नेम बेताचा, पण घोडदळाबरोबर हलणारी आग अब्दालीकडे होती, मराठ्यांकडे नव्हती.

मध्यात भाऊ आणि विश्वासराव यांच्या हुजुरातीने, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेने, अब्दालीचा वजीर शहावलीखान याच्यावर केलेला हल्ला दिवसातला सर्वांत जोरदार. वजिराच्या पुतण्यासह सुमारे तीन हजार माणसं पडली, फळी फाटली, वजीर स्वतः पायउतार होऊन पळणाऱ्यांना थोपवू लागला. पण हा हल्ला आणि डावीकडचा गारद्यांचा हल्ला यांच्यात सांधा नव्हता. गारद्यांनी फोडलेली जागा आणि हुजुरातीने फोडलेली जागा जोडली गेली असती तर अब्दालीची उजवी बाजू मध्यापासून तुटली असती. तो सांधा बसवायला मोकळी फौज लागते, आणि गोलात सगळेच कडेला लागलेले.

उजवीकडे जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर. समोर अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबखान. नजीबाची चाल कौतुकाने अभ्यासावी अशी आहे. तो धावून आलाच नाही. पुढे थोडं सरकायचं, वाळूमातीचा बांध घालायचा, त्याआड बंदुका लावायच्या, पुन्हा पुढे सरकायचं आणि वरून बाणांचे, म्हणजे अग्निबाणांचे, लोट सोडायचे. घोड्याला आवाज आणि ठिणग्या सोसत नाहीत. मराठ्यांच्या उत्तम घोडदळातला मोठा हिस्सा अशा प्रकारे कुदळ-फावड्याने दुपारपर्यंत जागच्या जागी अडकवून ठेवला गेला. बांधावर घोडा घालता येत नाही आणि तो उडवायला लागणाऱ्या हलक्या तोफा त्या बाजूला नव्हत्या.

मग दुपारी अब्दालीने राखीव बाहेर काढली. आधी त्याने नसकची, म्हणजे शिस्त राखणारे शिपाई, पाठवून पळालेले आणि छावणीत दडलेले स्वार मारून मुटकून परत आणले. त्यातून चारेक हजार मोडलेल्या उजव्या बाजूला, दहाएक हजार वजिराकडे, आणि हुकूम असा की वजिराने घट्ट रांगेत भरधाव चालून जायचं, प्रत्येक वेळी त्याच क्षणी नजीब आणि अब्दालीचा सरदार शहापसंदखान यांनी बगलेवर तुटून पडायचं. समोरून ताजे घोडे, कुशीतून दुसरा मार, दोन्ही एका वेळी. ती कात्री या वेळी त्याच्या हातात होती. मराठ्यांचे घोडे तोवर चार-पाच तास लढून संपलेले. विश्वासराव पडले आणि पुढचं सर्वांना माहीत आहे.

या मेळ न बसण्यामागे युद्धशास्त्राइतकंच पगाराचं कारण आहे, आणि ते पुष्कळदा राहून जातं. गारद्याला दरमहा रोख पगार. सरदाराची फौज सरंजामावर, म्हणजे नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा: तो मेला तर स्वाराची पोटापाण्याची सोय गेली. सरकारी पागेतल्या बारगिराचं तसं नाही, घोडा सरकारचा. तेव्हा संगिनींच्या भिंतीसमोर किंवा छर्ऱ्यात शिलेदाराने घोडा घालावा अशी अपेक्षा करणंच चुकीचं. तो त्याच्या परीने शहाणपणानेच वागतो. पाठलाग, रसद तोडणं, हूल देणं यांत हाच शिलेदार अजोड. काशीराजच्या सांगण्यानुसार हल्ल्याआधी इब्राहिमखानाने भाऊंना, आपण पलटणींच्या नियमित पगाराचा आग्रह धरत आलो त्यामुळे तुम्ही नाराज होतात, आज त्या पैशांची फेड करतो, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. एका छत्राखाली दोन वेगळ्या अर्थव्यवस्था लढत होत्या, आणि जुने सरदार गारद्यांकडे उपरे म्हणूनच बघत.

यावरून कुणी म्हणेल की मग निव्वळ घोडदळाची गनिमी लढाईच बरी होती. पालखेडचं उदाहरण दिलं जातं, आणि ते योग्यच आहे, पण नीट समजून घ्यावं. 1728 मध्ये निजामाकडे मिश्र फौज आणि जबरदस्त तोफखाना होता. बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर गाठ घेतलीच नाही. खानदेश, गुजरात, बुऱ्हाणपूरची धास्ती असं पळवत ठेवलं. पाठलागाला वेग हवा म्हणून निजामाने जड तोफा मागे ठेवल्या आणि त्याच्या फौजेचे दोन तुकडे झाले. मग वैजापूरजवळ पालखेडला पाणी तोडून त्याला कोंडलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह. मिश्र फौजेची सर्वांत कमकुवत जागा कुठली, तर तिच्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत सावकाश भागांतलं अंतर. बाजीरावाने ते अंतर ताणलं. पण यासाठी मोकळा मुलूख, चरलेले घोडे आणि बुणग्यांपासून सुटका हवी. जानेवारी 1761 मध्ये भाऊंकडे यातलं काहीच उरलं नव्हतं. 1760 च्या ऑक्टोबरमध्ये, अब्दाली यमुना उतरून दिल्लीची वाट अडवण्यापूर्वी, ही चर्चा कामाची होती.

चाळीस वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 ला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असईला, शिंदे-भोसले आणि इंग्रज यांच्या लढाईत, उलट चित्र दिसतं. या वेळी शिंद्यांचं पायदळ आणि तोफखाना अव्वल दर्जाचा. इंग्रज सेनापती वेलस्ली अनपेक्षित उतारावरून नदी ओलांडून बगलेवर आला, तर शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी पोलमन याने आख्खी फळी काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली; अशी हालचाल कवायत पक्की असल्याशिवाय होत नाही. तोफा इतक्या जलद आणि अचूक की वेलस्लीच्या लढाईत उतरलेल्या जेमतेम पाच हजारांतले दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. इंग्रजांची एक तुकडी चुकून असई गावाच्या तोंडावर गेली, छर्ऱ्याने तिची दाणादाण उडाली. मराठा स्वार तिच्यावर पडले, तो क्षण बरोबर साधला गेला होता. पण मागे त्यांना आधार देणारं दुसरं घोडदळ आलं नाही, आणि इंग्रज अंमलदार मॅक्सवेलच्या राखीव स्वारांनी त्यांना उलट हाणलं. शिंदे-भोसल्यांचं तीस हजारांवर घोडदळ पश्चिमेला उभं होतं, बहुतेक वेळ नुसतं उभं. पोलमनचा त्याच्यावर हुकूम चालत नव्हता. दुसरीकडे पडून राहिलेल्या मराठा गोलंदाजांनी इंग्रज पुढे गेल्यावर उठून तोफा पुन्हा सुरू केल्या, शत्रूच्या पाठीवर. त्या घटकेला पाच हजार स्वार आले असते तर? घेतलेल्या तोफेच्या काण्यात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, खिळा ठोकून ती निकामी करायची किंवा तिच्यावर पहारा ठेवायचा, हा नियम इंग्रजही त्या गडबडीत चुकले होते, आणि तरी ते निभावले, कारण ती चूक सावरायला वेलस्लीच्या हाताशी पायदळाची आणि घोडदळाची एकेक पलटण होती.

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला लासवारीत इंग्रज सेनापती लेकने सकाळी निव्वळ घोडदळ शिंद्यांच्या साखळ्यांनी बांधलेल्या तोफांवर घातलं. स्वार आरपार गेले, पण काही हाती लागलं नाही, उलट मार खाऊन मागे यावं लागलं. मग त्याने पायदळाची वाट पाहिली आणि दुपारी पायदळ, हलक्या तोफा, घोडदळ एकत्र करून पुन्हा गेला. शिंद्यांच्या पलटणी तिथे जिवाच्या कराराने झुंजल्या, पण त्यांच्या घोडदळाला त्यांच्या बगला झाकता आल्या नाहीत.

कुठलीही जुनी लढाई नकाशावर मांडून बघणार असाल तर दलांच्या संख्येपाशी थांबू नका. प्रत्येक दलापुढे त्याचा मिनिटाचा वेग लिहा आणि पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने सगळी दलं एकदम पुढे सरकवा. प्रत्येक टप्प्यावर तोफेच्या तोंडापासून रेषा ओढा, आपलंच कुणी त्या रेषेत येतं का ते बघा. घोडदळाच्या पहिल्या हल्ल्यानंतर तासभर त्याला बाद धरा. आणि एका दलाचा हुकूम दुसऱ्याकडे कोण नेतं, त्याला किती मिनिटं लागतात, आणि पोचल्यावर तो पाळण्याचं बंधन आहे का, हे साधनांतून शोधा. पानिपताचं मैदान असं पाच मिनिटांच्या घासाने मांडलं तर गारद्यांनी फळी फोडल्यापासून अब्दालीची राखीव येईपर्यंत मराठ्यांना किती मोठी संधी होती ते डोळ्यांसमोर येतं, आणि ती साधायला कुणीच मोकळं नव्हतं हेही.